कुत्र्याचे दुखणे घरातच सुरू होते

व्हिएतनाम युद्धात अमेरिकी सैन्याने पहाऱ्यासाठी नेलेले जर्मन शेफर्ड १९६८ ते १९७० या काळात एकामागून एक मरू लागले. आधी ताप, मग अन्नावरची वासना जायची, शेवटी नाकातून रक्त वाहायचे. दीडशेहून अधिक कुत्री अशी गेली. एर्लिशिया कॅनिस नावाचा जिवाणू हे त्याचे कारण निघाले आणि तो पसरवत होते तपकिरी गोचीड. त्याच्याही कितीतरी आधी, १९१० मध्ये, मद्रासच्या शिकारी कुत्र्यांच्या रक्तात बॅबेसिया गिब्सोनी हा परजीवी पहिल्यांदा ओळखला गेला होता. तोही गोचिडांमार्फतच पसरणारा. ज्याला आज पुण्या-मुंबईत सगळे ‘टिक फीवर’ म्हणतात, तो आजार असा जुना आहे, त्याची कारणे माहीत आहेत आणि त्याला औषधही आहे. तरीही आपल्या शहरांतली कुत्री अजून त्याने मरतात.

ती का मरतात, याचे उत्तर दवाखान्यापेक्षा घरात शोधावे लागेल. पाळीव कुत्र्यांच्या नेहमीच्या आजारांची यादी काढली, तर त्यातल्या बहुतेकांची सुरुवात मालकाच्या एखाद्या निर्णयात सापडते. कोणते पिल्लू आणले, कोणत्या वयात आणले, लस कधी टोचली, ताटातले काय घातले, आणि कुत्रा मलूल झाल्यावर किती दिवस वाट पाहिली. कुत्र्यावर जीव लावणाऱ्या घरांतही यांपैकी एखादी गोष्ट चुकते, आणि ती टाळता येण्याजोगी असते म्हणूनच तिची चीड येते.

गोचिडांचेच पाहा. अंगावर दिसणारे गोचीड म्हणजे घरातल्या एकूण गोचिडांचा लहानसा हिस्सा. हा जीव रक्त पिऊन कुत्र्याच्या अंगावरून गळून पडतो, भिंतीच्या फटीत, दाराच्या चौकटीमागे, सोफ्याच्या शिवणीत जाऊन बसतो, कात टाकतो आणि पुन्हा भूक लागली की कुत्रा शोधतो. रक्त पिऊन एरंडीच्या बीसारखी टम्म फुगलेली करडी मादी एका वेळी हजारो अंडी घालते. त्यामुळे कुत्र्याला आंघोळ घालून चार गोचीड चिमट्याने काढले म्हणजे काम झाले असे होत नाही. घराच्या फटी साफ कराव्या लागतात आणि कुत्र्याला डॉक्टरांनी सांगितलेले गोचीड-प्रतिबंधक औषध महिनोन्‌महिने न चुकता द्यावे लागते. महाराष्ट्राच्या हवेत गोचिडांना हंगाम असा नसतोच. थंडीत ते थोडे कमी होतात एवढेच.

तपासायचे कुठे, हेही अनेकांना कोणी दाखवलेले नसते. पाठीवरून हात फिरवून गोचीड सापडत नाहीत. कानाची पाळी उलटून आतल्या घड्यांत पाहावे, पायाची बोटे फाकवून मधली कातडी पाहावी, पट्ट्याच्या खाली, काखेत, शेपटीच्या मुळाशी बोटे फिरवावीत. मग कुत्र्याचा ओठ वर करून हिरडी पाहावी. निरोगी हिरडी गुलाबी असते. बोटाने दाबली की पांढरी पडते आणि दोन सेकंदांत पुन्हा गुलाबी होते. ती फिकट दिसली, पोटाच्या कातडीवर लाल ठिपके दिसले किंवा लघवी कॉफीच्या रंगाची झाली, तर त्याच दिवशी रक्त तपासायला न्यावे. रक्तातील प्लेटलेट घसरलेल्या असल्या की डॉक्टरांना दिशा मिळते.

यातली खरी फसगत पुढे आहे. एर्लिशियाचा पहिला ताप कधीकधी आपोआप उतरतो. कुत्रा पुन्हा खाऊ लागतो, घरचे निर्धास्त होतात, आणि जिवाणू शरीरात महिनोन्‌महिने, प्रसंगी वर्षानुवर्षे दडून राहतो. पुढे तो अस्थिमज्जेवर घाला घालतो, तेव्हा फार काही करता येत नाही. म्हणूनच डॉक्सिसायक्लिनचा कोर्स साधारण चार आठवड्यांचा असतो. आठव्या दिवशी कुत्रा बागडायला लागला म्हणून गोळ्या बंद करणारे मालक त्याच्या आजाराला घरात ठेवून घेतात.

घरगुती उपायांबद्दल इथेच स्पष्ट बोलायला हवे. खरजेवर गाडीचे जळके ऑइल चोपडणे, गोचिडांवर रॉकेल लावणे, गुरांच्या फवारणीचे औषध अंदाजाने पाण्यात कालवून कुत्र्याला त्याने धुणे हे प्रकार खेड्यात चालतात तसे शहरातही चालतात. कुत्रा अंग चाटतो. जे कातडीवर लावले ते पोटात जाते. आणि ताप आला म्हणून माणसांच्या डब्यातली पॅरासिटामॉल किंवा आयब्युप्रोफेन देणे तर सरळ धोक्याचे आहे. पहिल्याने यकृत आणि रक्तपेशी बिघडतात, दुसऱ्याने पोटात व्रण होतात आणि मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. औषधाची मात्रा माणसाच्या हिशेबाने मोजून कुत्र्याला देता येत नाही.

आता पिल्लांकडे वळू. पार्व्हो हा विषाणू १९७८ मध्ये अचानक उद्भवला आणि दोनेक वर्षांत जगभर पसरला. पिल्लू आधी मलूल होते, मग उलट्या, मग रक्ताचे दुर्गंधी जुलाब. उपचार न मिळालेल्या पिल्लांपैकी बहुतेक सगळी मरतात. वेळेवर सलाइन आणि शुश्रूषा मिळाली तर बहुसंख्य वाचतात. विषाणू इतका चिवट की जमिनीत, पायपुसण्यात, चपलांच्या तळव्याला तो अनेक महिने टिकतो. फिनाइलने लादी पुसून तो जाईल याची खात्री नाही, त्यासाठी ब्लीच वापरावे लागते. पार्व्होने पिल्लू गेलेल्या घरात महिन्याभरात दुसरे पिल्लू आणणारी माणसे नकळत त्याही पिल्लाला त्याच खाईत लोटतात.

इथे लसीचे गणित समजून घेण्यासारखे आहे. पिल्लाला आईच्या पहिल्या दुधातून संरक्षण मिळते. हे संरक्षण जोवर अंगात असते, तोवर ते टोचलेल्या लसीलाही निष्प्रभ करते. ते नेमके कधी ओसरेल हे प्रत्येक पिल्लात वेगळे. म्हणून सहा ते आठ आठवड्यांपासून सुरुवात करून, दर दोन ते चार आठवड्यांनी, सोळा आठवड्यांचे होईपर्यंत लस पुन्हा पुन्हा द्यावी लागते. ‘एक लस झालीय’ असे सांगून महिन्याभराचे पिल्लू हाती देणारा विक्रेता म्हणूनच अर्धसत्य सांगत असतो. मालिका पूर्ण झाल्याशिवाय पिल्लू सुरक्षित नसते, आणि तोवर त्याला बागेतल्या अनोळखी कुत्र्यांत सोडू नये.

कायद्याने तर महिन्याभराचे पिल्लू विकताच येत नाही. कुत्र्यांची पैदास आणि विक्री यांबद्दलचे २०१७ चे केंद्रीय नियम सांगतात की पैदास करणाऱ्याने राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी केलेली असावी आणि पिल्लू निदान आठ आठवड्यांचे असावे. अठरा महिन्यांच्या आतल्या मादीपासून पिल्ले घ्यायचीही मनाई आहे. हे नियम कागदावर आहेत कारण विकत घेणारा त्यांची चौकशी करत नाही. नोंदणी क्रमांक मागणारी, पिल्लाची आई दाखवा म्हणणारी गिऱ्हाइके वाढली, तर खोक्यातून पिल्ले विकणारा हा धंदा आपोआप आवळेल.

लसीच्याच वहीत आणखी दोन नावे असतात आणि दोन्ही माणसांच्या जिवाशी निगडित आहेत. लेप्टोस्पायरोसिस मुंबईकरांना २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर चांगलाच ठाऊक झाला. उंदरांच्या मुतातून साचलेल्या पाण्यात येणारा हा जिवाणू कुत्र्यांनाही होतो, यकृत आणि मूत्रपिंडे बाधतो, आणि आजारी कुत्र्याच्या लघवीतून घरच्यांपर्यंत पोचू शकतो. त्याची लस दरवर्षी घ्यावी लागते. पावसाळ्याआधी घेतली तर उत्तम. दुसरे नाव रेबीजचे. माणसाला होणाऱ्या रेबीजपैकी ९९ टक्के प्रकरणे कुत्र्यामुळे होतात आणि लक्षणे दिसल्यावर वाचणे जवळपास अशक्य असते. गोव्याने या बाबतीत करून दाखवले आहे. तिथे २०१४ पासून ‘मिशन रेबीज’ या संस्थेबरोबर सरकारने घरोघरच्या आणि रस्त्यावरच्या कुत्र्यांना लस टोचली, चावे आणि संशयित कुत्री यांवर लक्ष ठेवले, शाळांतून मुलांना शिकवले. कुत्र्यांमधला रेबीज नव्वद टक्क्यांहून अधिक घटला. महाराष्ट्राच्या महापालिकांना यापेक्षा जवळचा धडा कुठे मिळणार?

डिस्टेंपरचेही एक उदाहरण विसरता कामा नये. २०१८ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात गीरच्या जंगलात वीसहून अधिक सिंह मेले आणि पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेच्या तपासणीत त्यांतल्या काहींमध्ये कॅनाइन डिस्टेंपरचा विषाणू आढळला. कुत्र्यांचा म्हणून ओळखला जाणारा हा रोग कुत्र्यांपुरता राहत नाही. अभयारण्याच्या कडेच्या गावांत कुत्र्यांना लस टोचणे हे म्हणूनच वन्यजीव रक्षणाचेही काम आहे.

आता चपट्या नाकांकडे. २००३ च्या सुमारास एका मोबाइल कंपनीच्या जाहिरातीत एक पग मुलाच्या मागे मागे चालला आणि देशभर पग घ्यायची लाट आली. ते कुत्रे गोड आहे यात शंका नाही. पण त्याचा जबडा आखूड करताना आतले मांस तेवढेच राहिले. टाळूचा पडदा लांब, नाकपुड्या अरुंद, श्वासनलिका बारीक. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. अंगातली उष्णता तो मुख्यतः धापा टाकून बाहेर काढतो. ज्याचा श्वासमार्गच चिंचोळा आहे, त्याने मे महिन्यात नागपूरच्या ४५ अंशांत धापा टाकायच्या कशा? ब्रिटनच्या रॉयल व्हेटर्नरी कॉलेजने २०२२ मध्ये पगांच्या आरोग्याचा अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हा इतर कुत्र्यांच्या मानाने पगला वर्षभरात एखादा आजार होण्याची शक्यता जवळपास दुप्पट दिसली. आरोग्याच्या दृष्टीने पगला आता सर्वसाधारण कुत्रा म्हणता येणार नाही, असे तिथल्या संशोधकांनी म्हटले. त्याचे घोरणे गमतीचे वाटते, पण ते श्वासासाठी चाललेली झटापट असते. सेंट बर्नार्ड, हस्की यांसारखी बर्फातली जनावरे वातानुकूलित खोलीच्या भरवशावर सोलापूर-जळगावात आणणे ही तशीच गोष्ट. वीज गेली की काय होते, हे त्या कुत्र्याला कळते.

उन्हाने कुत्रा कोसळलाच तर आधी साध्या पाण्याने त्याला नखशिखांत भिजवावे, पंख्याखाली धरावे आणि मग दवाखाना गाठावा. अंगाचा ताप १०६ अंश फॅरनहाइटपर्यंत गेला की मिनिटांना किंमत येते. डांबरी रस्त्यावर दुपारी फिरवल्याने पायाचे तळवे भाजतात, ही साधी गोष्टही उन्हाळ्यात रोज दिसते.

सगळ्यात अवघड विषय खाण्याचा, कारण तिथे माया आडवी येते. आजी दुधात बिस्किटे बुडवून देते, मुले वडापावातला बटाटा देतात, आणि कुत्रा ‘नको’ म्हणत नाही. लॅब्राडॉरच्या बाबतीत तर यामागे जनुकही आहे. केंब्रिजच्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवले की सुमारे चौथा हिस्सा लॅब्राडॉरमध्ये पोट भरल्याची जाणीव देणाऱ्या जनुकात तूट असते. त्यांना खरोखरच भूक लागलेली असते. म्हणून मोजून घालण्याची जबाबदारी घरच्यांची. अमेरिकेत ४८ लॅब्राडॉर पिल्लांवर चौदा वर्षे चाललेला एक प्रयोग २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा पाव हिस्सा कमी अन्न दिले गेले. कमी खाणारी कुत्री सरासरी जवळपास दोन वर्षे जास्त जगली आणि त्यांचे सांधेही उशिरा दुखू लागले. जर्मन शेफर्ड आणि लॅब्राडॉरमध्ये खुब्याचा दोष आनुवंशिक असतो. त्यावर वजनाचा भार पडला की सातव्या-आठव्या वर्षीच उठायला हात द्यावा लागतो. बरगड्या दिसू नयेत पण हाताला लागाव्यात, ही कसोटी घरी कोणालाही करता येते.

मराठी स्वयंपाकघरातले काही पदार्थ तर कुत्र्याला विषच आहेत. शिऱ्यातले आणि चिवड्यातले बेदाणे, नाशिकची द्राक्षे यांनी काही कुत्र्यांची मूत्रपिंडे बंद पडतात, आणि कोणत्या कुत्र्याला किती बाधतील याचा अंदाज आधी बांधता येत नाही. कांदा आणि लसूण, कच्चे असोत की फोडणीतले, तांबड्या पेशी फोडतात. चॉकलेट, साखरमुक्त च्युइंगममधले झायलिटॉल आणि रविवारच्या मटणातली शिजलेली, धारदार तुकडे होणारी हाडे यांचाही धोका तसाच. दिवाळीत फराळाचे ताट जमिनीवर ठेवू नये, इतके साधे पथ्य आहे.

मादी कुत्री पाळणाऱ्या घरांत एक आजार हमखास दुर्लक्षिला जातो. माजावर येऊन गेल्यावर महिना-दोन महिन्यांनी ती खूप पाणी पिऊ लागते, जेवत नाही, कधी मागून पू येतो. हा पायोमेट्रा, म्हणजे गर्भाशयात पू भरणे. स्वीडनमधल्या विमा नोंदींवरून दिसते की नसबंदी न केलेल्या माद्यांपैकी सुमारे पाचव्या हिश्शाला दहा वर्षांच्या आत हा आजार होतो. गर्भाशय फुटले तर मृत्यू ओढवतो. ‘एकदा तरी पिल्ले होऊ द्यावीत, मग शस्त्रक्रिया करू’ या समजुतीला वैद्यकीय आधार नाही. नसबंदी हाच प्रतिबंध आहे.

दात आणि कान यांच्याविषयी थोडक्यात. तोंडाला दर्प येणे हा कुत्र्याचा स्वभाव नव्हे, हिरड्यांचा आजार आहे. कुत्र्यांच्याच टूथपेस्टने आठवड्यातून काही वेळा ब्रश फिरवला तर तो लांबतो. कोकणात आणि मुंबईत लोंबत्या कानांच्या कुत्र्यांना पावसाळाभर कानात बुरशी होते. आंघोळीनंतर कान कोरडे करायचे विसरू नये.

या सगळ्यावर होणारा खर्च काय? लसींचा, गोचिडांच्या औषधाचा आणि वर्षातून एकदा रक्त तपासण्याचा खर्च पार्व्होच्या किंवा टिक फीवरच्या एका आठवड्याच्या उपचारापेक्षा बहुधा कमीच येतो. परळला एकोणिसाव्या शतकापासून प्राण्यांचे रुग्णालय आहे, १८८६ पासून पशुवैद्यक महाविद्यालय आहे, अलीकडे मुंबईत लहान प्राण्यांसाठी मोठे आधुनिक रुग्णालयही झाले. उपचारांची सोय वाढते आहे ही चांगली गोष्ट. पण उपचारांची वेळ येऊ न देण्याचे काम कोणतेही रुग्णालय मालकाऐवजी करू शकत नाही.

घरात कुत्रा असेल तर आज त्याच्या लसीचे कार्ड काढा आणि पुढची तारीख पाहा. ती उलटली असेल तर उद्याच डॉक्टरांची वेळ घ्या. आणि नवे पिल्लू आणायचे ठरत असेल, तर रस्त्यावरच्या एखाद्या देशी पिल्लाला घरात जागा देण्याचा विचार आधी करा.