विश्रांतीची किंमत

धान्यबाजारात पोती उतरविताना हमालाचा पाय मुरगळतो किंवा पाठीत उसण भरते, तेव्हा वैद्यकशास्त्राचा सल्ला साधा असतो. मुरगळलेला पाय दोन-तीन दिवस जपावा, कापडात गुंडाळलेला बर्फ एका वेळी पंधरा-वीस मिनिटे लावावा, लवचिक पट्टी बांधून पाय उंचावर ठेवावा. ताज्या सुजेवर गरम शेक वा मालिश करू नये. पायावर भार देऊन चार पावलेही टाकवेनात, तर क्ष-किरण तपासणी करून घ्यावी. पाठीच्या उसणीत मात्र दीर्घकाळ अंथरूण धरणे अपायकारक ठरते. सोसवेल तितकी हालचाल ठेवावी, पण ओझे उचलू नये. पाय बधिर झाले किंवा लघवीवरील ताबा सुटला, तर क्षणाचाही विलंब न करता रुग्णालय गाठावे.

हा सल्ला सोपा असला, तरी तो पाळणे सर्वांना सारखे परवडत नाही. कारकुनाला वा शिक्षकाला आजारपणाची रजा असते. रोजंदारीवरील हमालाच्या घरची चूल मात्र त्याच्या विश्रांतीबरोबरच थंडावते. साहजिकच तो दुसऱ्या दिवशी पुन्हा पोत्याखाली वाकतो. अर्धवट सांधलेला अस्थिबंध पुन्हा ताणला जातो आणि किरकोळ दुखापतीचे कायमच्या अधूपणात रूपांतर होते.

गुडघ्यांत वाकावे, ओझे अंगाशी धरावे, कंबरेला पीळ देऊ नये, हा उपदेश योग्यच आहे. परंतु शंभर किलोंच्या पोत्यापुढे तो दुबळा ठरतो. एका प्रौढ पुरुषाने नेहमी वाहावयाचे ओझे 55 किलोंहून अधिक असेल, तर ते शक्य तितक्या लवकर त्या मर्यादेत आणावे, अशी शिफारस आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने 1967 मध्येच केली होती. महाराष्ट्राने 1969 मध्ये माथाडी व हमाल कामगारांसाठी कायदा करून, मालकांकडून मजुरीबरोबर लेव्ही घेऊन भरपगारी रजा व भविष्यनिर्वाह निधी देण्याची वाट दाखविली. नोंदणीबाहेर राहिलेल्या हमालाला मात्र हे छत्र लाभत नाही.

लहान पोत्यांमुळे बारदान व हमालीचा खर्च वाढतो, अशी तक्रार केली जाते. मोठ्या पोत्याने वाचणारा तो पैसा अखेर हमालाच्या मणक्यातूनच वसूल होतो. व्यापाऱ्याच्या जमाखर्चात त्याची नोंद नसते, इतकेच. पोत्याचे वजन उतरविणे आणि प्रत्येक हमालाला नोंदणीच्या कक्षेत आणणे, हाच या दुखण्यावरचा खरा इलाज होय.