थांबायचे केव्हा, हे डॉक्टरांनी सांगावे

हंगेरीचा लास्लो पॅप हा ऑलिंपिकमध्ये तीन सुवर्णपदके मिळवणारा पहिला मुष्टियोद्धा. लंडन (१९४८), हेलसिंकी (१९५२) आणि मेलबर्न (१९५६) या तिन्ही स्पर्धा त्याने गाजवल्या. १९५७ साली, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, तो व्यावसायिक झाला. मायदेशातील साम्यवादी राजवटीत धंदेवाईक लढतींना थारा नसल्याने तो व्हिएन्नासारख्या परदेशी शहरांत लढे. १९६२ मध्ये तो मिडलवेट गटाचा युरोपविजेता झाला. २९ लढतींत २७ विजय, २ बरोबरी आणि पराभव एकही नाही! जगज्जेतेपदाची लढत टप्प्यात आली असतानाच सरकारने परवानगी नाकारली आणि १९६४ ची लढत त्याची शेवटची ठरली.

काही जण म्हणतील, बरेच झाले, डोके वाचले. हा युक्तिवाद आम्हाला पटत नाही. त्याला थांबवले ते राजकारणाने. त्याच्या प्रकृतीचा त्यात विचारच नव्हता. पण उलट टोकही तितकेच वाईट. लढती भरवणारा पैशासाठी आणि खेळाडू ईर्ष्येपोटी थांबत नाही.

त्या काळी ऑलिंपिकची लढत तीन-तीन मिनिटांच्या तीन फेऱ्यांची, म्हणजे नऊ मिनिटांची असे. किताबाची व्यावसायिक लढत पंधरा फेऱ्यांची, म्हणजे पंचेचाळीस मिनिटांची! ठोसा बसला की कवटीच्या आत मेंदू हिंदकळतो. असे धक्के वर्षानुवर्षे साठत गेले तर बोलणे अडखळते, चाल बिघडते, स्मृती जाते. अमेरिकन डॉक्टर हॅरिसन मार्टलंड यांनी १९२८ सालीच या विकाराचे वर्णन केले होते. शिरस्त्राणाने जखमा कमी होतात. पण आतला धक्का टळत नाही.

म्हणून आमचे स्पष्ट मत असे, की खेळाडूला थांबवण्याचा अंतिम अधिकार सरकारचा नको, आयोजकाचा नको. तो डॉक्टरांचाच हवा.

पालकांनीही एवढे ध्यानात ठेवावे. खेळताना डोक्याला मार लागून मूल गोंधळले, डोके दुखू लागले किंवा चक्कर आली, तर त्या दिवशी त्याला पुन्हा मैदानात उतरवू नये. वारंवार उलट्या, वाढती गुंगी, झटके, एकाचे दोन दिसणे यांपैकी काहीही आढळल्यास तडक रुग्णालय गाठावे. ‘झोपला की बरे वाटेल’ म्हणून वाट पाहू नये. पदक पुढच्या वर्षी मिळेल, मेंदू दुसरा मिळत नाही.