जीव वाचला ना, मग पोटाचं काय?

परवा अमरावतीहून अकोल्याला मामांकडे गेलो होतो. तीन वर्षांपूर्वी मामींनी यकृताचा भाग दिला आणि मामा वाचले. आता टाक्यांच्या जागी नारळाएवढा फुगवटा आलाय. खोकला आला की मामा तो हाताने दाबून धरतात. "दाखवलं का?" विचारलं, तर घरातल्या सगळ्यांचं एकच उत्तर, "जीव वाचला ना बाप्पा! पोटाचं काय घेऊन बसला तू!"

मला या वाक्याचाच राग येतो.

हा हर्निया आहे, आणि तो काही नशिबाचा फेरा नाही. प्रत्यारोपणाचा छेद बरगड्यांखालून लांबलचक जातो. काही ठिकाणी तर तो मर्सिडीज गाडीच्या चिन्हासारखा घेतात. तीन रेघा मिळतात तिथे भिंत कच्ची राहते. त्यात पाणी साचून ताणलेलं पोट, झिजलेले स्नायू. वर स्टेरॉइड, सिरोलिमससारखी औषधं! नवं यकृत टिकावं म्हणून ती द्यावीच लागतात, पण जखम भरणंही मंदावतं. वेगवेगळ्या अभ्यासांत हे प्रमाण 5 पासून 40 टक्क्यांपर्यंत सापडलंय. याला अपवाद कसं म्हणायचं?

मग घरी सोडताना हे नीट का सांगत नाहीत? मामांना सांगितलं, "वजन उचलू नका." किती? किती महिने? युरियाची गोणी 45 किलोची असते. शेतकरी माणसाला या तीन शब्दांतून काय कळणार?

डॉक्टर म्हणतील, घाईने ऑपरेशन करणं बरोबर नाही. मान्य. तब्येत स्थिर व्हावी, औषधं बसावीत, मग जाळी टाकावी. पण थांबणं वेगळं आणि विसरणं वेगळं. कधीपर्यंत थांबायचं, कोणी तपासत राहायचं, हे कागदावर हवं. फुगवटा आत जाईना, दुखायला लागला, उलट्या सुरू झाल्या, तर आतडं अडकलेलं असू शकतं. तेव्हा सकाळची वाट बघायची नसते. त्या रात्री मुंबई कुठे आणि अकोला कुठे! गावातला सर्जनच धावून येणार, आणि कोणत्या गोळ्या थांबवायच्या नाहीत हे त्याला त्या कागदावरूनच कळणार.

असो. सोमवारी मामांना इथे सर्जनकडे दाखवतोय. मामींनाही. टाके त्यांच्याही पोटावर आहेत. त्यांना आजवर कोणी विचारलंच नव्हतं. मीसुद्धा नाही.