परंपरेचे क्रियापद

‘ही आपली परंपरा आहे,’ असे कुणी ठणकावले की आपल्या धर्मग्रामांतील बहुतेक चर्चा तेथेच संपतात. परंपरा म्हणजे पेटीत कुलूपबंद ठेवायचा दागिना, अशी आपली समजूत! परंपरेसाठी ख्रिस्तसभेने वापरलेला लॅटिन शब्द ‘त्रादित्सिओ’ मात्र वेगळीच साक्ष देतो.

त्याचे मूळ ‘त्रादेरे’ या क्रियापदात आहे. ‘त्रान्स’ म्हणजे पलीकडे, ‘दारे’ म्हणजे देणे. दुसऱ्याच्या हाती सोपवणे हा त्याचा अर्थ. शिकवणे हाही त्याचाच अर्थ. घेणारा नसेल तर हे क्रियापद अपुरे राहते.

सोपवणे मात्र दोन प्रकारचे असते. इ. स. 303 मध्ये सुरू झालेल्या सम्राट डायोक्लेशियनच्या छळात ज्यांनी पवित्र ग्रंथ जाळण्यासाठी अधिकाऱ्यांच्या हवाली केले, त्यांना ‘त्रादितोर’ म्हटले गेले. इंग्रजीतील ‘ट्रेटर’ याच शब्दातून आला. ट्रॅडिशन आणि ट्रेटर ही एकाच आईची लेकरे! करिंथकरांस पहिल्या पत्रात (11:23) लॅटिन बायबल संत पौलाच्या सोपवण्याला ‘त्रादिदी’ म्हणते आणि त्याच वचनात प्रभूच्या विश्वासघाताला ‘त्रादेबातुर’. मिस्साबलिदानात भाकरीवर उच्चारला जाणारा ‘त्रादेतुर’, म्हणजे ‘दिले जाईल’, हाही त्याच धातूचा. यूदाने दुसऱ्याला दिले आणि मोल घेतले. प्रभूने स्वतःला दिले आणि मोल चुकवले.

आपले सोपवणे यांपैकी कोणते? सणाला आपण लुगडे नेसून मिरवतो. घरातील जपमाळेची वेळ मात्र मोबाईलला देऊन टाकतो. मुलांना मराठीत प्रार्थना येत नाही म्हणून त्यांनाच बोल लावतो. त्यांच्या शेजारी गुडघे टेकून आपण ती कधी शिकवली?

‘आधी जपले नाही तर देणार काय?’ असे कुणी विचारील. उत्तर आपल्याच इतिहासात आहे. फादर थॉमस स्टीफन्स इंग्लंडातून आले, आपली भाषा शिकले आणि 1616 साली गोव्यात छापलेल्या ‘क्रिस्तपुराणा’तून त्यांनी तारणाची कथा या मातीच्या हाती दिली. त्यांनी ती लॅटिनमध्येच जपून ठेवली असती, तर आपल्या पूर्वजांच्या ओठी ती कशी आली असती?

येत्या रविवारी त्या ‘दिले जाईल’पाशी आपण पुन्हा गुडघे टेकू. तेव्हा शेजारी उभ्या असलेल्या आपल्या लेकराकडे एकदा पाहावे. त्याच्या हाती आपण काय दिले?