पिकअपच्या केबिनमधला आवाज आणि मिरवणुकीत हरवलेले शब्द

मार्च उजाडला की आपल्या वस्त्यांमध्ये दोन गोष्टींची लगबग सुरू होते. विहारात जयंतीची बैठक लागते, आणि रस्त्याकडेच्या कार डेकोरच्या दुकानांत पिकअप आणि छोट्या हत्तींची रांग लागते. आमच्या ओळखीच्या कितीतरी तरुणांचे पोट आज या गाड्यांवर आहे. भाजी, सिमेंट, मंडपाचे सामान, लग्नाचा रुखवत, जे मिळेल ते भाडे. फायनान्सचा हप्ता महिन्याच्या महिन्याला दारात उभा असतो. तरीही पहिली बचत हातात आली की ती केबिनमधल्या साउंडमध्ये जाते.

याला उधळपट्टी म्हणून हिणवणाऱ्यांपैकी आम्ही नाही. बारा-चौदा तास जो माणूस त्या तीन-चार हाताच्या डब्यात बसतो, त्याचे ते घरच आहे. घरात गाणे हवेच. शिवाय या केबिनमध्ये सकाळी बुद्धवंदना लागते, दुपारी घाटात भीमगीत लागते. त्या मुलाची चळवळीशी रोजची गाठ तिथेच पडते.

प्रश्न साउंडचा नाही, तो कसा बसवला जातो याचा आहे. दुकानदार स्टिरिओच्या खोक्यावरचा आकडा दाखवतो, ४ गुणिले ५० वॅट. प्रत्यक्षात असा स्टिरिओ एका स्पीकरला सलग १८-२० वॅट देतो. पण छोट्या केबिनला तेवढे पुष्कळ होतात. दारात कंपनीने दिलेल्या जागेत बसतील असे दोन बरे स्पीकर, दाराच्या पत्र्याला आतून डॅम्पिंगचा थर, झाले काम. पत्रा थरथरायचा थांबला की अर्धा फरक तिथेच पडतो, आणि हा खर्च सर्वांत कमी असतो. दुकानदार मात्र तो आधी सुचवत नाही.

आमची पोरे यावर थांबत नाहीत. सीटमागे बेस हवा, बेसला ॲम्प्लिफायर हवा. इथे हिशेब कळला पाहिजे. वॅट दुप्पट केले तर आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. म्हणजे पैसे दुप्पट, फरक जेमतेम. उलट १२ व्होल्टच्या गाडीत खरोखरचे १००० वॅट काढायचे तर ८० अँपिअरहून अधिक करंट ओढावा लागतो. त्यासाठी जाड तांब्याची वायर लागते, बॅटरीपासून हातभर अंतराच्या आत फ्यूज लागतो, पत्र्याच्या भोकातून वायर जाते तिथे रबरी बूच लागते. बूच नसेल तर धक्क्यांनी वायरचे वेष्टन घासून जाते. फ्यूजही नसेल तर पुढे काय होते ते सांगायला नको. गाडी जळाली तरी हप्ता थांबत नाही, आणि अशा जोडणीकडे बोट दाखवून विमा कंपनी दावा अडवू शकते. फ्यूज काही रुपयांना मिळतो.

आता एप्रिलकडे वळू. हीच पिकअप १४ तारखेला डीजेची गाडी होते. हौद्यात स्पीकरची भिंत, मागच्या गाडीवर जनरेटर, आणि केबिनमध्ये आपलाच मुलगा, सहा-सहा तास पहिल्या गिअरमध्ये. त्याच्या पाठीला एका पत्र्याच्या अंतरावर ती भिंत असते. अमेरिकेतील नायॉश ही व्यावसायिक आरोग्याची संस्था ८५ डेसिबलला ८ तासांची मर्यादा सांगते आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मी करते. या हिशेबाने १०० डेसिबलला १५ मिनिटे उरतात. मिरवणूक १५ मिनिटांत चौकसुद्धा ओलांडत नाही.

कानाचे नुकसान हळूहळू कळते. दुसरा धोका त्याच क्षणाचा आहे. चाकाजवळ लहान मूल आले आणि लोक पत्र्यावर थापा मारू लागले, तर त्या ड्रायव्हरला ऐकू येणार कसे? मिरवणुकीच्या नियोजनात बॅनरवर कोणाचा फोटो मोठा यावर रात्र जाते. ड्रायव्हरच्या खिडकीशी दोन्ही बाजूंनी चालणारे कार्यकर्ते कोण, यावर पाच मिनिटेही जात नाहीत.

कायद्याचे म्हणाल तर २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, आणि रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद. राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस १२ पर्यंत सूट देऊ शकते. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ कंपनीच्या मूळ रचनेशी विसंगत बदल गाडीत करू देत नाही. हे नियम आपल्याच मिरवणुकीला आठवतात, गणपतीला आणि लग्नाच्या वरातीला आठवत नाहीत, ही तक्रार आम्ही दरवर्षी ऐकतो. ती आम्हालाही पटते. पण गुन्हा नोंदला जातो तो गाडीमालकावर, म्हणजे त्याच हप्तेवाल्या मुलावर. मंडळाचा अध्यक्ष तारखेला कोर्टात जात नाही.

आणि एक गोष्ट आम्हाला यापेक्षाही जास्त डाचते. माणसाचे बोलणे ज्या पट्ट्यात स्पष्ट कळते तो ढोबळमानाने ३०० ते ३४०० हर्ट्झचा. डीजेचा धक्का असतो ४० ते १०० च्या आसपास. छातीत दणका बसतो, शब्द बुडतात. भीमगीत तर शब्दांवरच उभे आहे. भीमराव कर्डकांचे जलसे, वामनदादांची गाणी गावोगाव गेली तेव्हा ध्वनिक्षेपकही सगळीकडे नसत. ढोलकी, हार्मोनियम आणि खडा गळा. शाळेचे तोंड न पाहिलेल्या आयांना ती गाणी पाठ झाली, कारण शब्द ऐकू आले. आज रिमिक्सवर नाचणाऱ्या दहा मुलांना दुसरे कडवे विचारा. आम्ही विचारले होते. एकाला आले, आणि तो पिकअप चालवणारा होता. रोज केबिनमध्ये ऐकतो म्हणाला.

ते ऐकून आमच्या वस्तीच्या बैठकीत यंदा एक प्रस्ताव ठेवला आहे. डीजेची भिंत नको. एकाच पिकअपवर दोन कर्णे, एक ढोलकी, गाणारी माणसे, आणि त्यामागे चालणारे लोक. डीजेच्या वर्गणीतून जे वाचेल त्यातून वस्तीतल्या सगळ्या ड्रायव्हरांची कानाची तपासणी आणि गाड्यांच्या वायरिंगची पाहणी. तरुणांचा निम्मा गट नाराज आहे. शेजारच्या वस्तीचा आवाज मोठा आणि आपला लहान, हे त्यांना सहन होत नाही, आणि ते खोटेही बोलत नाहीत. ज्यांना पिढ्यानपिढ्या दबक्या आवाजात बोलावे लागले, त्यांना मोठ्या आवाजाची ओढ असणारच. ही ओढ समजून न घेता नुसते नियम वाचून दाखवणाऱ्या वडीलधाऱ्यांचेही चुकतेच.

पुढची बैठक रविवारी सायंकाळी ७ वाजता विहारात आहे. ड्रायव्हर मंडळींना यंदा पहिल्यांदाच पुढच्या रांगेत बसायला सांगितले आहे.