विश्लेषण : अडचणीतील कुटुंबांना वस्तीतील केंद्र कसे सावरते?

घरातील कमावती व्यक्ती गेली, अंथरुणाला खिळली किंवा तुरुंगात गेली, की पहिला फटका बसतो तो मुलांच्या शाळेला. मुलगा कामाला लागतो, मुलीच्या लग्नाची घाई सुरू होते. अशा कुटुंबांसाठी सरकारी योजना आहेत. पण योजना जिल्ह्याच्या कार्यालयात आणि कुटुंब वस्तीत, अशी स्थिती असते. मधले अंतर अनेकदा वस्तीतीलच एखादी बालवाडी, अभ्यासिका किंवा समुपदेशन केंद्र भरून काढते. ही केंद्रे काय करतात आणि ती टिकत का नाहीत?

वस्तीतील केंद्र म्हणजे नेमके काय?

त्याला एकच एक साचा नाही. कुठे ती अंगणवाडी असते, कुठे संस्थेने भाड्याच्या खोलीत चालवलेली बालवाडी, कुठे समाजमंदिरातील अभ्यासिका, तर कुठे कामगार कल्याण केंद्र. सकाळी लहान मुले, दुपारी बायकांचा शिवणवर्ग किंवा बचत गटाची बैठक, संध्याकाळी दहावी-बारावीचे विद्यार्थी, असा एकाच खोलीचा दिवसभर वापर होतो. २०११च्या जनगणनेनुसार मुंबईची ४० टक्क्यांहून अधिक लोकसंख्या झोपडपट्टीत राहत होती. दहा बाय दहाच्या घरात अभ्यासाला कोपराही मिळत नाही, तिथे चार तास उजेड, पंखा आणि शांतता मिळणे हीच मोठी मदत ठरते.

महाराष्ट्रात ही परंपरा किती जुनी आहे?

शंभर वर्षांहून जुनी. ना. म. जोशी यांनी १९११ मध्ये मुंबईत सोशल सर्व्हिस लीग स्थापन केली आणि कामगारांसाठी रात्रशाळा, वाचनालये सुरू झाली. १९२०च्या दशकात अमेरिकन मराठी मिशनच्या पुढाकाराने ‘नागपाडा नेबरहूड हाऊस’ उभे राहिले. त्याचे संचालक क्लिफर्ड मॅनशार्ट यांना प्रशिक्षित कार्यकर्त्यांची उणीव जाणवली. त्यातूनच १९३६ मध्ये समाजकार्याचे शिक्षण देणारी संस्था सुरू झाली. आजची टाटा समाजविज्ञान संस्था, म्हणजेच ‘टिस’, ती हीच.

ग्रामीण भागात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डी आणि पुढे कोसबाड येथे आदिवासी पाड्यांवर बालशिक्षण नेले. मूल शाळेत येत नसेल, तर शाळा मुलाच्या अंगणात न्यायची, हा त्यांचा विचार होता. १९७५ मध्ये एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि अंगणवाडी देशभर पोहोचली. १९५३च्या कायद्याने कामगार कल्याण निधी निर्माण झाला. त्यातून कामगार वस्त्यांत शिशुमंदिर, शिवणवर्ग, वाचनालय, व्यायामशाळा असलेली केंद्रे उभी राहिली. मात्र हा निधी आस्थापनांच्या नोंदीतील कामगार आणि मालक यांच्या वर्गणीवर चालतो. नाक्यावरचा मजूर किंवा धुणीभांडी करणारी बाई त्या नोंदीत नसते.

योजना असताना केंद्राची गरज काय?

क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेचे उदाहरण घ्या. अनाथ, एक पालक गमावलेल्या किंवा ज्यांचे पालक गंभीर आजारी वा तुरुंगात आहेत, अशा १८ वर्षांपर्यंतच्या मुलांना संस्थेत न ठेवता कुटुंबातच वाढवता यावे, हा तिचा हेतू आहे. बालन्याय कायदा २०१५ हेच तत्त्व मांडतो : मुलाला संस्थेत ठेवणे हा शेवटचा पर्याय. २०२३ मध्ये या योजनेतील मदत दरमहा १,१०० रुपयांवरून २,२५० रुपये करण्यात आली.

पण त्यासाठी मृत्यूचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, शिधापत्रिका, शाळेचा दाखला, बँक खाते अशी कागदपत्रे जमवावी लागतात. गृहभेट होते, प्रकरण बालकल्याण समितीपुढे जाते. नुकत्याच विधवा झालेल्या आणि रोजंदारीवर जाणाऱ्या बाईला यातील प्रत्येक खेपेसाठी दिवसाची मजुरी सोडावी लागते. नवऱ्याच्या नावातील एका अक्षराच्या फरकानेही अर्ज अडू शकतो. अनेकांना तर योजनेचे नावच माहीत नसते. ज्या बालवाडीत तिचे मूल रोज जाते, तिथल्या ताईला मात्र त्या घरात काय घडले हे लगेच कळते. कोणता कागद कुठे मिळेल हेही तिला ठाऊक असते. माहिती, विश्वास आणि पाठपुरावा या तिन्ही गोष्टी एकाच ठिकाणी मिळणे, हे केंद्राचे खरे काम आहे.

घरातील हिंसेबाबतही तेच. पोलीस ठाण्यात जाण्याचे धाडस न होणारी स्त्री शिवणवर्गात मन मोकळे करते. तिथून तिला ‘सखी’ वन स्टॉप सेंटर किंवा पोलीस ठाण्याच्या आवारातील महिला व मुलांसाठीच्या विशेष कक्षापर्यंत नेता येते. हा कक्षही ‘टिस’नेच १९८४ मध्ये मुंबई पोलिसांसोबत सुरू केला. मुलांसाठीची १०९८ ही हेल्पलाइनदेखील १९९६ मध्ये याच संस्थेच्या प्रकल्पातून सुरू झाली.

किशोरवयीन मुलांना काय मिळते?

सहा वर्षांपर्यंत अंगणवाडी, त्यानंतर शाळा. पण शाळा सुटल्यापासून आई-वडील घरी येईपर्यंतचे तास कुणाच्याच जबाबदारीत बसत नाहीत. नशा, जुगार, किरकोळ गुन्हे आणि मुलींवरील बंधने यांची सुरुवात बहुधा याच तासांत होते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार महाराष्ट्रात २० ते २४ वयोगटातील २१.९ टक्के स्त्रियांचे लग्न १८ वर्षांच्या आत झाले होते. ‘मुलगी सुरक्षित कुठे राहील’ ही चिंता या लग्नांमागचे एक मोठे कारण असते. वस्तीतच मुलींसाठी विश्वासाची जागा असेल, तर शाळा सुटण्याआधीच कुणीतरी त्या घराशी बोलू शकते.

केंद्रे बंद पडली तर काय होते?

याचा नेमका हिशेब इंग्लंडमध्ये मांडला गेला आहे. तिथे १९९९ पासून गरीब वस्त्यांत ‘शुअर स्टार्ट’ ही कुटुंब केंद्रे सुरू झाली. आरोग्य तपासणी, पालकांना मार्गदर्शन, बालसंगोपन आणि रोजगाराची मदत एकाच छताखाली मिळत असे. २०१० नंतर खर्चकपात झाली आणि अनेक केंद्रे बंद पडली किंवा त्यांचे काम आक्रसले. ‘इन्स्टिट्यूट फॉर फिस्कल स्टडीज’ या संस्थेने २०२४ मध्ये दाखवून दिले, की केंद्राच्या जवळ वाढलेल्या मुलांचे सोळाव्या वर्षीच्या परीक्षेतील निकाल अधिक चांगले होते आणि सर्वाधिक लाभ गरीब घरांतील मुलांना झाला.

याच संस्थेच्या दुसऱ्या अभ्यासात लंडनमधील युवा केंद्रे तपासली गेली. २०१० ते २०१९ दरम्यान त्यांपैकी सुमारे ३० टक्के बंद झाली. ज्यांचे जवळचे केंद्र बंद झाले, त्या १० ते १७ वयोगटातील मुलांमध्ये गुन्ह्याकडे वळण्याचे प्रमाण १४ टक्क्यांनी वाढले. वाचवलेल्या प्रत्येक पौंडामागे समाजाला जवळपास तीन पौंडांचा भुर्दंड पडला. जुलै २०२५ मध्ये ब्रिटिश सरकारने पुन्हा एक हजारपर्यंत कुटुंब केंद्रे उभारण्याची घोषणा केली. मोडलेली घडी बसवायला दीड दशक लागले.

आपल्याकडे अडते कुठे?

अडचण इमारतीपेक्षा माणसांची आहे. खासदार निधीतून समाजमंदिर बांधता येते, पण त्या निधीच्या नियमांत वेतनासारख्या आवर्ती खर्चाला जागा नाही. त्यामुळे वास्तू उभी राहते, फलक लागतो, पण ती रोज उघडणारी व्यक्ती नेमली जात नाही. मग ती सभागृह म्हणून लग्न-बारशापुरती उरते किंवा किल्ली एखाद्या मंडळाच्या ताब्यात जाते.

दुसरा आधार कंपन्यांच्या सामाजिक दायित्व निधीचा. २०१३च्या कंपनी कायद्यानुसार पात्र कंपन्यांनी नफ्याच्या सरासरी दोन टक्के रक्कम खर्च करायची असते. मात्र बहुवर्षीय प्रकल्पालाही सुरुवातीचे वर्ष सोडून तीन वर्षांचीच मर्यादा आहे. वस्तीत विश्वास मिळवायलाच दोन-तीन वर्षे जातात. तो मिळेपर्यंत निधीची मुदत संपत येते आणि कार्यकर्ती दुसरी नोकरी शोधू लागते.

उपाय कोणते?

नवीन वास्तू बांधण्याआधी आहे त्या वापरात आणता येतील. केंद्र सरकारच्या ‘पाळणा’ योजनेत अंगणवाडीलाच पाळणाघर जोडण्याची तरतूद आहे. महिन्यातील २६ दिवस, रोज साडेसात तास मुलांना सांभाळण्याची सोय त्यात आहे. आईला पूर्ण दिवस काम करता येण्यासाठी आणि धाकट्या भावंडाला सांभाळण्यासाठी थोरल्या बहिणीची शाळा बुडू नये यासाठी ही सोय महत्त्वाची आहे. संध्याकाळी रिकाम्या पडणाऱ्या महापालिका शाळांच्या खोल्या आणि समाजमंदिरे अभ्यासिकांसाठी देता येतील.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे, महापालिका आणि ग्रामपंचायतींच्या अंदाजपत्रकात बांधकामासोबत केंद्र चालवणाऱ्या कार्यकर्तीच्या मानधनाचे स्वतंत्र शीर्ष असायला हवे. बालसंगोपनाचे किती अर्ज वस्तीतून गेले, किती मंजूर झाले आणि किती कागदांअभावी परत आले, याची नोंद केंद्रनिहाय ठेवली, तर यंत्रणा कुठे अडते तेही दिसेल. सध्या आपल्याकडे हिशेब होतो तो किती समाजमंदिरे बांधली याचा. त्यांतील किती रोज उघडतात, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो.