कुलूप आहे, पण भिंतीला भगदाड

२६ जुलै २००८ रोजी अहमदाबाद साखळी बॉम्बस्फोटांनी हादरले आणि ५६ जणांचे प्राण गेले. स्फोटांच्या काही मिनिटे आधी वृत्तवाहिन्यांना ई-मेल धाडण्यात आला होता. त्याचा माग काढत तपास यंत्रणा नवी मुंबईतील सानपाड्याच्या एका सदनिकेत पोहोचल्या. तेथील रहिवाशाची वाय-फाय जोडणी परक्याने वापरली होती. गुन्हा दुसऱ्याचा आणि चौकशीचा ससेमिरा मात्र घरमालकामागे, असा तो प्रकार होता. ‘वाय-फायला संकेतशब्द लावा’ हा धडा देशाने त्या वेळी घेतला.

तो धडा आवश्यकच होता. आज मात्र तो अपुरा आहे. तेव्हाची महानगरी चैन आता जामनेरसारख्या तालुक्याच्या गावीही घरोघरी पोहोचली आहे. मुलांचा अभ्यास, बँकेचे व्यवहार, कापसाचे भाव, परगावच्या लेकीशी बोलणे, सारे त्या लहानशा राउटरमधून चालते. एकदा भिंतीवर बसविल्यावर त्या पेटीकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही.

वस्तुतः ती पेटी म्हणजे एक छोटा संगणकच होय. तिच्या व्यवस्थापन पानावर देश, भाषा, वेळ अशा नोंदींसाठी रकाने असतात. रकान्यात आलेला मजकूर न तपासता आतल्या प्रणालीकडे सोपविला गेला, तर देशाच्या नावाआड आज्ञा दडवून पाठविता येते आणि राउटर ती मालकाची समजून पाळतो. टीपी-लिंकच्या ‘आर्चर एएक्स२१’ या राउटरमध्ये नेमका हाच दोष सापडला. संकेतशब्द न विचारताच आज्ञा स्वीकारल्या जात होत्या. कंपनीने २०२३च्या आरंभी दुरुस्ती उपलब्ध केली. तरीही एप्रिल २०२३पासून ‘मिराई’ या घातक प्रणालीच्या सूत्रधारांनी दुरुस्ती न केलेले राउटर ताब्यात घेण्यास प्रारंभ केला. अशी उपकरणे मालकाच्या नकळत इतरांवरील हल्ल्यांत जुंपली जातात. आपल्याकडेही जुलै २०१७मध्ये बीएसएनएलच्या ग्राहकांचे हजारो मोडेम मूळचा संकेतशब्द न बदलल्यामुळे हल्ल्याला बळी पडले होते.

या दोषाचे पाप ग्राहकाचे नव्हे. सदोष वस्तू विकणाऱ्या कंपनीने तिची दुरुस्ती दीर्घकाळ पुरविली पाहिजे. जोडणी देणाऱ्या सेवादाराने पेटी बसवून पैसे घेतले, म्हणजे कर्तव्य संपले असे होत नाही. शासनानेही परीक्षणाविना अशी उपकरणे बाजारात येऊ देता कामा नयेत. सीमेवरचा पहारा जितका महत्त्वाचा, तितकाच हा घरातला पहाराही महत्त्वाचा आहे.

तथापि शासनाची वाट पाहत बसणे समाजाला शोभणारे नाही. राउटरची प्रणाली अद्ययावत करणे, मूळचा संकेतशब्द बदलणे, बाहेरून व्यवस्थापन करण्याची सोय बंद ठेवणे आणि कंपनीने दुरुस्ती देणे थांबविलेला राउटर बदलणे, ही कामे अवघड नाहीत. घरातील ज्येष्ठांना ती जमतीलच असे नाही. म्हणून गावातील जाणत्या तरुणांनी आपल्या गल्लीतील दहा घरे वाटून घ्यावीत. रविवारची एक सकाळ त्यासाठी पुरेशी आहे. दाराला कुलूप लावून भिंतीचे भगदाड उघडे ठेवणाऱ्याला कोणी सावध म्हणत नाही.